तालमीतल्या मालिशपासून मेंदूतल्या तारेपर्यंत

कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालमीत लढती आटोपल्या की दुसरे काम सुरू होते, अंग रगडण्याचे. हळद, तेल, ताक आणि लिंबू मुरवलेल्या तांबड्या मातीत झुंजलेला पोरगा पालथा पडतो आणि जोडीदार त्याची पाठ, मांड्या, पोटऱ्या तेल लावून चोळून काढतो. मुका मार, लचक, भरलेली उसण, आखडलेली मान या सगळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या हाच पहिला इलाज. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहिले आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. तिथे शड्डू ठोकणाऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी राहिली. त्यांची अंगे चोळून देणाऱ्यांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

चोळल्याने दुखणे कमी का होते, याचे पटण्याजोगे शास्त्रीय उत्तर मिळायला १९६५ साल उजाडावे लागले. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी त्या वर्षी मांडलेला सिद्धान्त असा: स्पर्शाचा आणि दाबाचा संदेश जाड, वेगवान मज्जातंतूंतून जातो, तर वेदनेचा बारीक आणि संथ तंतूंतून. दोन्ही संदेशांची गाठ मज्जारज्जूत पडते. स्पर्शाचे संदेश भरपूर आले की तिथले दार वेदनेसाठी निम्मे मिटते. या सिद्धान्तातले बारकावे पुढे बरेच बदलले, पण गाभा टिकला. वस्तादांना अनुभवाने ठाऊक असलेली गोष्ट आता प्रयोगशाळेत तपासता येऊ लागली.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला. जाड तंतूंना हाताऐवजी विजेने जागे केले तर? वॉल आणि विल्यम स्वीट यांनी आधी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या मज्जातंतूला सौम्य विद्युत्प्रवाह देऊन पाहिला. १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी कर्करोगाने तळमळणाऱ्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर विद्युतअग्र बसवले. असे यंत्र कोणाला लाभेल याचा अंदाज घेण्यासाठी आधी कातडीवरून प्रवाह देऊन बघत. त्या चाचणीनेच बऱ्याच जणांना आराम पडू लागला आणि त्यातून आजचे ‘टेन्स’ हे छोटे यंत्र घडले.

वेदनेवर वीज वापरण्याची कल्पना मात्र फार जुनी. पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर आणि वातरक्तावर विजेचा झटका देणारा मासा लावायला सांगे. १८५५ मध्ये फ्रान्सच्या ड्युशेनने नेमक्या एकाच स्नायूला प्रवाह देण्याचे तंत्र ग्रंथात मांडले. त्याच शतकात विजेचे पट्टे विकणारेही निपजले. अशक्तपणापासून संधिवातापर्यंत सर्वांवर एकच पट्टा, अशा जाहिराती पुढे हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांतही झळकल्या. विजेच्या उपचाराला चिकटलेला संशय त्या काळचा आहे, आणि तो अनाठायी नव्हता.

महाराष्ट्रात हा उपचार शिस्तीत आला तो पोलिओमुळे. मुंबईतल्या साथीनंतर १९५२-५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली. इथले विद्यार्थी लुळ्या पडलेल्या स्नायूंवर दोन प्रकारचे प्रवाह देऊन पाहात. मज्जातंतू शाबूत असेल तर स्नायू अगदी क्षणिक स्पंदनांनीही आकसतो. तंतू मेला असेल तर त्याला लांब स्पंदन लागते. म्हणजे वीज इथे आधी निदानाला उपयोगी पडली, इलाजाला नंतर. ही बाब कौतुकाची आहे, कारण विजेचे पट्टे विकणाऱ्यांनी नेमके हेच कधी केले नव्हते: आधी तपासणे.

आज कोल्हापुरात ‘नस दबली’ म्हणून फिजिओथेरपीला गेलेला माणूस घरी येऊन ‘करंट घेतला’ असे सहज सांगतो. पैलवानही घेतात. टेन्सने दुखणे काही काळ दबते, पण फाटलेला स्नायू त्याने सांधत नाही. दुखत नाही म्हणून लगेच मातीत उतरणाऱ्या पोराला वस्तादाने रोखलेच पाहिजे. हृदयाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र लावू नये.

कंपवातावर वीज वापरण्याची गोष्ट याहून खोल, थेट मेंदूत जाते. १९६० च्या दशकाअखेर लेव्होडोपा हे औषध आले आणि मेंदूतला ठरावीक भाग जाळून कंप थांबवण्याच्या शस्त्रक्रिया मागे पडल्या. काही वर्षांनी औषधाची ताकद अपुरी पडू लागली, शरीराला नको असलेले हेलकावे सुरू झाले आणि डॉक्टर पुन्हा शस्त्रक्रियेकडे वळले. फ्रान्सच्या ग्रेनोबल शहरात १९८७ मध्ये मेंदूचे शल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद जाळायची जागा नक्की करण्यासाठी प्रवाह देऊन बघत होते. सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंदने दिली आणि हाताचा कंप थांबला. प्रवाह बंद करताच तो परत आला. मग जाळायचे कशाला? तार तिथेच ठेवली, गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी बसवली, आणि काहीही नष्ट न करता कंप आवरता येऊ लागला.

१९९० च्या दशकाअखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली. कोल्हापूरच्या रुग्णासाठी त्याचा अर्थ महालक्ष्मी एक्सप्रेसचा रात्रभराचा प्रवास. तोही एकदाच नव्हे, कारण खरे काम टाके निघाल्यावर सुरू होते. प्रवाह किती, स्पंदने किती, तारेचे कोणते टोक चालू ठेवायचे, हे रुग्णाला समोर बसवून, हात उचलायला लावून, चालायला सांगून ठरवावे लागते. औषधांचे प्रमाणही त्याबरोबर बदलते. शहराजवळ कणेरीच्या सिद्धगिरी रुग्णालयात आज मेंदूच्या शस्त्रक्रिया होतात. अशी जुळवणी करणारा तज्ज्ञही जिल्ह्यातच मिळणे तितकेच गरजेचे आहे.

हा उपचार रोग थांबवत नाही. कंप आणि ताठरपणा कमी होतो. स्मरणशक्ती आणि तोल यांबाबत मात्र फारशी आशा धरू नये. ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे त्यांनी शस्त्रक्रियेचा खर्च विचारताना आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: पहिल्या वर्षी जुळवणीसाठी किती वेळा यावे लागेल, आणि बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागेल.