४८ व्होल्ट आले, बॅटरी राहिली

ऑफिसात चोवीस इंटरनेट फोन लावायचे ठरले आणि स्विच निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नेटवर्कच्या केबलमधूनच फोनला वीज देणारा स्विच हवा होता. माहितीपत्रकं चाळताना जिथे तिथे एकच आकडा: ४८ व्होल्ट. ४८च का बुवा?

उत्तर जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. १८८२ साली मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं, तेव्हा बोलण्यापुरती वीज फोनजवळच ठेवलेल्या बॅटरीतून मिळायची. १८९०च्या दशकात अमेरिकेत नवी पद्धत आली. मोठी बॅटरी एक्स्चेंजमध्ये ठेवायची आणि बोलण्याच्या तारांवरूनच वीज पाठवायची. पुढे त्यासाठी ४८ व्होल्ट रूढ झाले. लांबच्या फोनपर्यंत पोचतील इतके जास्त, हाताळणाऱ्याला फार धोका नाही इतके कमी. म्हणून तर गावाला लाईट गेली तरी लँडलाईन वाजायचा!

इंटरनेट फोन आले आणि हे सुख गेलं. २००० साली सिस्कोने आपल्या पद्धतीने केबलमधून वीज द्यायला सुरुवात केली. २००३ साली आयईईईचं ८०२.३एएफ हे सगळ्यांसाठीचं मानक आलं. दर पोर्टला १५.४ वॅट, व्होल्ट पुन्हा ४८च्या आसपास. २००९च्या मानकाने ३० वॅट दिले, २०१८च्या मानकाने ९० पर्यंत.

आता खरेदी. स्विचला २४ पोर्ट आहेत म्हणजे चोवीसही पोर्टना पूर्ण वीज मिळेल असं नसतं. सगळ्यांना १५.४ द्यायचे तर साधारण ३७० वॅट लागतात. मला परवडणारा स्विच एकूण १९० वॅटचा होता. आमचे फोन ७ वॅटच्या वर्गातले, म्हणजे १६८. जमलं.

पण यादीतल्या यूपीएसवर वरून काट आली. "फोनसाठी यूपीएस कशाला?"

मला आधीचं ऑफिस आठवलं. रात्रपाळीत लाईट गेली आणि नेमकं तेव्हाच एका सहकाऱ्याच्या छातीत दुखू लागलं. स्विच भिंतीच्या साध्या प्लगवर, त्यामुळे टेबलावरचे सगळे फोन बंद. तळघरात मोबाईलला रेंज नाही. अंधारात जिना चढून रस्त्यावर गेलो, तेव्हा अँब्युलन्सला फोन लागला. तो वाचला, पण ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही.

हे सगळं मेलमध्ये लिहिलं. एक्स्चेंजवाल्यांनी बॅटरी आधी ठेवली होती. आपण त्यांचे व्होल्ट घेतले आणि बॅटरी विसरलो.

असो. यूपीएस मंजूर झाला. तुमच्या ऑफिसातला स्विच कुठल्या प्लगवर आहे, तेवढं सोमवारी बघून घ्या.