काळ्या मातीची छिद्रं कशी मोजली गेली

पाऊस उघडला की गंगापूर-पैठणकडचा शेतकरी मूठभर माती दाबून बघतो. हाताला चिकटली तर थांबायचं. भुसभुशीत फुटली तर वाफसा आला, कोळपं धरायचं. मोठ्या छिद्रांतलं पाणी निथळून तिथं हवा शिरली आहे, बारीक छिद्रांत ओल टिकून आहे, हे त्या मुठीला कळतं. प्रयोगशाळेनं पुढं मोजलं ते हेच.

ही छिद्रं मायक्रॉनांत मोजायची, म्हणून माप पाण्यालाच विचारावं लागलं. नळी जितकी बारीक तितकं पाणी तिच्यात उंच चढतं, हे जेम्स ज्युरिननं १७१८ मध्ये मांडलं. तोच नियम उलटा वापरला: ओल्या मातीतलं पाणी एक मीटर पाण्याच्या उंचीइतक्या जोरानं ओढलं, की साधारण ३० मायक्रॉनपेक्षा रुंद छिद्रं रिकामी होतात. निथळलेलं पाणी मोजा. तेवढी त्या मापाची छिद्रं.

पण नुसतं ओढून दहा मीटरच्या पुढं जाता येत नाही. कॅलिफोर्नियात लोरेन्झो रिचर्ड्स यांनी १९४० च्या दशकात बंद भांड्यात वरून हवेचा दाब देऊन पाणी बाहेर ढकललं. १५ बारला ०.२ मायक्रॉनपर्यंत पोचता आलं. त्याहून बारीक छिद्रांतलं पाणी बहुतेक पिकांच्या मुळांना ओढता येत नाही.

दुसरी वाट पाऱ्याची. पारा मातीला भिजवत नाही, त्याला दाबून घुसवावं लागतं. छिद्र जितकं बारीक तितका दाब जास्त. ही कल्पना वॉशबर्न यांची, १९२१ ची. रिटर आणि ड्रेक यांनी ती १९४५ मध्ये उपकरणात उतरवली.

या सगळ्यांनी छिद्र जागच्या जागी राहतं असं धरलेलं. आपल्या भागात तिथंच अडतं. बेसाल्टपासून झालेल्या या काळ्या मातीतली स्मेक्टाइट चिकणमाती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात भेगाळते. पाऱ्यासाठी ढेकूळ वाळवलं की छिद्रंच बदलली. म्हणून नमुना द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवून निर्वातात बर्फ उडवून देतात. दाबाच्या भांड्यातही पाणी जाताना ढेकूळ लहान होतं, हवा शिरतेच असं नाही. म्हणून पाण्याबरोबर ढेकळाचं आकारमानही दर टप्प्याला मोजायला हवं. हे न करता काढलेले आकडे मी काळ्या जमिनीसाठी विश्वासानं वापरणार नाही.

जायकवाडी धरणाच्या लाभक्षेत्रात या फुगण्या-आकसण्याला फार महत्त्व आहे. भेगाळलेल्या रानात पहिलं पाणी भेगांतून थेट खाली जातं. माती फुगून भेगा मिटल्या की तेच रान पाणी मुरवायला फार वेळ घेतं.