सुरुंग आणि भुयार

खानदेशांत ज्याचें बालपण गेलें, त्याला भुयाराची गोष्ट निराळी सांगावी लागत नाहीं. आमच्या ब्राह्मणपुरीच्या बाजूस, शहाद्याकडील काळ्या मातीच्या सपाट मुलखांत, सातपुडा दूर उत्तरेस दिसे. डोंगरी किल्ला म्हणावा असा जवळ नव्हताच. तरीहि गढी म्हटली कीं तिच्या पोटांत भुयार असावयाचें आणि तें थेट तापीच्या कांठीं निघावयाचें, अशी वडील माणसांची ठाम समजूत असे. त्या भुयारांतून घोडेस्वार भाला न वांकवितां जाई, हेंहि ओघानेंच येई. पुढें महाराष्ट्रांतील पुष्कळ किल्ले हिंडून झाले. बहुतेक ठिकाणीं वाटाड्यानें एखादें बुजलेलें तोंड दाखविलें आणि तीच कथा सांगितली.

अशाच एका सहलींत एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “हीं भुयारें खरीं असतील, तर वेढ्यांत सांपडलेले लोक त्यांतून निसटून कां गेले नाहींत?” प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर देतांना मला माझीच भाषा नव्यानें तपासावी लागली.

जमिनीखालच्या वाटेला आपल्याकडे दोन शब्द आहेत, भुयार आणि सुरुंग. आज त्यांचे अर्थ अगदीं भिन्न झाले आहेत. भुयारांत माणूस शिरतो. सुरुंग मात्र लावावयाचा आणि उडवावयाचा असतो. पण मूळची स्थिति अशी नव्हती. संस्कृतांत ‘सुरुंगा’ म्हणजे केवळ भूमीखालील मार्ग. नळी या अर्थाच्या एका ग्रीक शब्दापासून तो आपल्याकडे आला असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. कौटिल्यानें शत्रूचा दुर्ग घेण्याच्या उपायांत तिचा समावेश केला आहे. महाभारतांत विदुरानें पाठविलेला खनक लाक्षागृहाखालीं वाट खणतो आणि पांडव जिवानिशीं सुटतात. म्हणजे आरंभीं ही वाट मारण्याची होती तशीच तारण्याचीहि होती. बंदुकीची दारू आली आणि शब्दांतील वाट नाहींशी झाली. स्फोट तेवढा उरला. एका शब्दाच्या अर्थांतराइतका युद्धकलेचा संक्षिप्त इतिहास क्वचितच कोठें सांपडेल.

सुरुंगाची कृति थोडक्यांत अशी. मोर्चापासून तटाच्या पायापर्यंत जमिनीखालून चर न्यावयाचा. माती ढांसळूं नये म्हणून लांकडांचा आधार द्यावयाचा. बुरुजाच्या खालीं एक कोठडी खोदून तींत दारू ठांसावयाची. मग आलेली वाट माती-दगडांनीं घट्ट बुजवून बत्ती द्यावयाची. यांतील मर्म बुजविण्यांत आहे. दारूचा जोर ज्या दिशेस विरोध कमी त्या दिशेस धांवतो. बांध कच्चा राहिला, किंवा तटाचें वजन कोणत्या अंगास झुकलें आहे याचा अदमास चुकला, तर स्फोट शत्रूऐवजीं आपल्याच माणसांवर येतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांत असें खोदकाम अतोनात कष्टाचें. म्हणून सुरुंगाचें खरें क्षेत्र म्हणजे भुईकोट.

चाकणचा संग्रामदुर्ग हा असाच भुईकोट. शाएस्तेखानानें २१ जून १६६० या सुमारास त्याला वेढा घातला. आंत फिरंगोजी नरसाळा थोड्या लोकांनिशीं होता. ऐन पावसाळ्यांत, चिखलांत, मोंगलांचें खोदकाम चाललें. पन्नासांहून अधिक दिवस गेले, तेव्हां त्यांचा सुरुंग ईशान्येच्या बुरुजाखालीं पोंचला. १४ ऑगस्ट रोजीं बत्ती दिली गेली आणि बुरूज वरील माणसांसह उडाला. परंतु धुरळा खालीं बसल्यावर धांवून आलेल्या मोंगलांना आंत दुसराच एक मातीचा बांध आडवा दिसला. किल्लेकऱ्यांनीं तो आधींच उभारून ठेविला होता. त्याच्या आडून त्यांनीं बंदुका, बाण व दगड यांनीं तो दिवस निभावला. दुसऱ्या दिवशीं मात्र किल्ला गेला. त्या वेढ्यांत मोंगलांचीं २६८ माणसें ठार आणि सुमारें ६०० जखमी झालीं. मला या हकीकतींत बुरुजापेक्षां तो मातीचा बांध अधिक बोलका वाटतो. जमिनीखालून कुदळींचे घाव ऐकूं येत असतां, आज ना उद्यां आपल्या पायाखालची भूमि उडणार हें जाणून, रात्रंदिवस माती ओढणारे ते हात कोणाचे होते? फिरंगोजीचें नांव राहिलें, आणि तें राहणें योग्यच. त्या हातांचें मात्र कांहींच राहिलें नाहीं.

दक्षिणेंत औरंगजेबाला सुरुंगानें दोनदां दगा दिला. १६८७ मध्यें गोवळकोंड्याच्या वेढ्यांत आंतील लोकांनीं उलट खणून सुरुंगांतील दारू काढून घेतली व पाणी सोडलें. परिणामीं स्फोटांचा तडाखा मोंगलांनाच बसला. दुसरा प्रसंग साताऱ्याचा. १६९९ च्या डिसेंबरांत बादशहा स्वतः अजिंक्यताऱ्याखालीं येऊन बसला. तरबियतखानानें मोठ्या खटपटीनें तटाखालीं खोदून सुरुंग तयार केले, आणि १३ एप्रिल १७०० रोजीं ते उडविले. पहिल्यानें गडावरील पुष्कळ लोक दगडांखालीं गाडले गेले. किल्ल्याचा हवालदार प्रयागजी प्रभु याला लोकांनीं ढिगाऱ्यांतून जिवंत उकरून काढलें. दुसऱ्या स्फोटाच्या वेळीं हल्ल्यासाठीं मोंगल फौज तटाच्या पायथ्याशीं दाटीनें उभी होती. तट आंत न पडतां बाहेर कोसळला आणि जवळजवळ दोन हजार माणसें त्याखालीं चिरडून मेलीं. राजाराम महाराज आदल्याच महिन्यांत सिंहगडावर निवर्तले होते. त्यामुळें किल्ला पुढें आठच दिवसांनीं वाटाघाटीनें बादशहाच्या हातीं आला. पण तो सुरुंगानें घेतला असें म्हणतां येणार नाहीं.

यानंतर हा विषय संपला असें कोणासहि वाटेल. कारण लांब पल्ल्याच्या तोफा आल्यावर तटांनाच अर्थ उरला नाहीं. पण इतिहासाची गति अशी सरळ नसते. पुण्याजवळ खडकीस मुंबई इलाख्याच्या ‘सॅपर्स अँड मायनर्स’ या पलटणीचें ठाणें होतें. या जडशा इंग्रजी नांवाचें लोकांनीं ‘सफरमैना’ असें गोड रूप केलें. त्यांतील ‘मायनर’ म्हणजे सुरुंग खणणारा, हें त्या गोड नांवांत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. या पलटणीच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें गेल्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं नव्ह शापेल या गांवीं त्यांना कुदळ बाजूस ठेवून संगिनीनिशीं गल्लोगल्लीं लढावें लागलें, आणि त्यांची फार मोठी हानि झाली. हीं माणसें बोलूनचालून कारागीर. त्यांची जागा भरून काढणें शिपायाची जागा भरण्याइतकें सोपें नव्हतें.

त्याच वर्षीं २० डिसेंबर रोजीं जिव्हांशी गांवाजवळ जर्मनांनीं हिंदी फौजेच्या खंदकांखालीं दहा लहान सुरुंग उडविले. चाकणचा बुरूज उडाल्याला अडीचशें वर्षें होऊन गेलीं होतीं. युक्ति मात्र तीच होती. तट नाहींसे झाले तेव्हां सैन्यें स्वतःच खंदकांत उतरलीं, आणि खंदक म्हटला कीं त्याखालीं खणणारा आलाच. या धक्क्यानंतर १९१५ च्या फेब्रुवारीपासून इंग्रजांनीं स्वतंत्र सुरुंग-कंपन्या उभारल्या. त्यांत खाणींतील मजूर घेतले आणि मँचेस्टरचीं गटारें खणणारेहि घेतले. दोन वर्षें दोन्ही पक्ष काळोखांत, कान मातीला लावून, एकमेकांच्या कुदळीचा आवाज ऐकत राहिले. शेवटीं ७ जून १९१७ च्या पहांटे बेल्जममध्यें मेसीन येथें १९ सुरुंग जवळजवळ एकदम उडाले. तेथें पुरलेल्यांपैकीं एक न उडतां राहिला होता. तो १९५५ सालीं वीज पडून उडाला. युद्ध करणारे तह करतात. जमिनींत पुरलेली दारू तह जाणत नाहीं.

पुढें विमान आलें आणि चक्र पुनः फिरलें. वरून मृत्यु येऊं लागला तसा माणूस खालीं गेला. १९४५ मध्यें इवो जिमा बेटावर जपान्यांनीं सुमारें ११ मैलांचीं भुयारें खणून त्यांत ठाण मांडलें. व्हिएतनाममध्यें कू ची येथील भुयारांची लांबी २०० किलोमीटरांहून अधिक होती. त्यांत स्वयंपाकघरें होतीं, दवाखाने होते. १९४० मध्यें लंडनच्या आणि २०२२ मध्यें कीव्हच्या भूमिगत आगगाडीच्या स्थानकांत आया मुलांना घेऊन निजल्या. गाझांत तर २०२३ पासूनच्या युद्धांत जमिनीवरील शहर आणि जमिनीखालील जाळें यांची सीमाच पुसली गेली. भुयारांत लढणारे आणि त्यांवर बाँब टाकणारे यांच्यामध्यें घरांत राहणारीं माणसें सांपडलीं. सुरुंगाचें पुनः भुयार झालें खरें. पण विदुराच्या खनकानें खणलेली वाट ज्या निर्मळ हेतूनें उघडली, तो हेतु आतां क्वचितच अमिश्र सांपडतो.

आतां त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. आपल्या गडांवर जमिनीखालचीं कामें आहेत. नाहींत असें नाहीं. खडकांत खोदलेलीं टाकीं आहेत, चोरदिंड्या आहेत. देवगिरीची अंधारी तर सर्वश्रुत आहे. पण ती पळण्याची वाट नव्हे, वर चढणाऱ्या शत्रूला काळोखांत कोंडून धुरानें गुदमरविण्याची युक्ति आहे. कोसच्या कोस खडक फोडून नेलेल्या, घोडेस्वार जाईल एवढ्या वाटेस जो काळ, पैसा आणि मोकळी हवा लागेल, ती जमविणें त्या काळीं जवळजवळ अशक्य होतें. मग ही कथा गांवोगांव कां? मला वाटतें, ती वेढ्यांत सांपडलेल्यांची इच्छा आहे. चोहोंकडून वाट बंद झालेल्या माणसाला एक तरी वाट असावी, असें पुढच्या पिढ्यांना वाटलें आणि त्यांनीं ती कल्पनेनें खणून दिली. प्रत्यक्षांत, चाकणला काय किंवा साताऱ्यास काय, जमिनीखालची वाट आंतून बाहेर गेली नाहीं. ती बाहेरून आंत आली.

मी त्या मुलाला इतकेंच सांगितलें कीं, दंतकथा खोटी म्हणून टाकून देऊं नकोस. ती कोणाच्या दुःखावर उगवली आहे तें पहा. आणि पुढच्या वेळीं एखाद्या पडक्या बुरुजाशीं उभा राहशील, तेव्हां किल्लेदाराबरोबर त्या खणणाऱ्याचीहि आठवण कर. तो दोन्ही बाजूंस होता, दोन्ही बाजूंस गाडला गेला, आणि बखर लिहिणाऱ्यानें त्याचें नांव कोणत्याच बाजूस लिहिलें नाहीं.