काडतुसं आजीकडं

निवडणूक लागली की आमच्या घरातली बंदूक ठाण्यात जाते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. हवालदाराचा निरोप येतो, मी दुनळी गोणपाटात गुंडाळून एस.टी.नं तालुक्याला नेतो, पावती घेतो आणि मतमोजणी झाली की परत आणतो. एका वर्षी तर ती ठाण्यात जास्त आणि घरात कमी राहिली. बायको म्हणाली, "घराच्या राखणीला घेतलेली वस्तू, आणि तिचीच राखण सरकार करतंय."

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं, पूर्वीच्या निजाम हद्दीला लागून. ओढ्याच्या अलीकडं इंग्रजांचं राज्य, पलीकडं निजामाचं. ओढ्याला पाणी असायचं चार महिने. बाकी आठ महिने दोन राज्यांमधी फक्त वाळू. पलीकडची माणसं आमच्या बाजाराला यायची, आमच्या पोरी तिकडं दिल्या होत्या.

बंदूक घरात आली 1947 च्या अखेरीला. देश स्वतंत्र झाला होता, पण हैदराबाद संस्थान भारतात सामील व्हायला तयार नव्हतं. लातूरला वकिली केलेला कासीम रझवी रझाकारांचा पुढारी झाला होता. हद्दीवरच्या गावांवर धाडी पडत होत्या, गंजी जळत होत्या. तिकडून माणसं भांडीकुंडी डोक्यावर घेऊन आमच्या बाजूला येत होती. आमची वस्ती गावाबाहेर, मळ्यात. आबांनी ठरवलं, हत्यार घ्यायचं.

पण कोणतं घ्यायचं? आमच्या घराण्यात तोवर कुणी बंदूक धरली नव्हती. त्याला कारण होतं. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांकडची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही. सुरुवातीला गोऱ्या माणसाला त्यातून सूट आणि आमच्या शेतकऱ्याला मात्र रानडुकरासमोर काठी. काँग्रेसनं अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले, पण तो राहिला. त्यामुळं दोन-तीन पिढ्या अशा गेल्या की बंदूक म्हणजे साहेबाची, नाहीतर सरकारच्या मर्जीतल्या इनामदाराची. आबांना तिची ना माहिती, ना सवय.

गावात एक माणूस जाणता होता. दुसऱ्या महायुद्धात फौजेत जाऊन आलेला, त्याला सगळे फौजीच म्हणत. आबा त्याच्याकडं गेले. त्यानं तीन वाटा सांगितल्या.

पहिली, ठासणीची बंदूक. स्वस्त. नळीत तोंडाकडून दारू घालायची, वर चिंधी, वर छर्रे, गजानं ठासायचं, टोपी बसवायची. एक बार उडाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. पावसात दारू सर्दावली की ती बंदूक नुसती काठी.

दुसरी, रिव्हॉल्व्हर. फौजीनं ती युद्धात साहेब लोकांच्या कमरेला पाहिली होती. सहा गोळ्या, उशाखाली मावते, एका हातानं चालते, दुसऱ्या हातात कंदील धरता येतो. आबांना तीच आवडली. पण फौजी म्हणाला, "आबा, नळी जेवढी आखूड तेवढा हात पक्का लागतो. मनगट जरासं हललं की दहा पावलांवरचा रांजण चुकतो. त्याला रोज सराव पायजे. तुम्ही नांगर धरणार का नेम धरणार? अन् तिचा परवाना तुम्हा-आम्हाला मिळायचा न्हाई."

तिसरी, बारा बोअरची दुनळी. बारा बोअर म्हणजे काय, तेही त्यानंच सांगितलं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी होईल तेवढं नळीचं तोंड. दोन नळ्या, दोन बार. काडतुसात छर्रे, म्हणून नेम थोडा चुकला तरी चालतो. दोन्ही हातांनी खांद्याला लावायची, त्यामुळं नवख्याच्याही हातात स्थिर राहते. पिकातल्या जनावरालाही उपयोगी. आबांनी खिलार जोडीतला एक बैल विकला आणि सोलापूरहून जुनी बेल्जमची दुनळी आणली. परवाना हद्दीवरचा माणूस म्हणून मिळाला.

घरी आणल्यावर आजीनं बंदूक हातात घेऊन बघितली आणि एकच अट घातली. "घरात लेकरं हायती. बंदूक तुमी खुंटीला लावा. काडतुसं माझ्यापाशी ऱ्हातील." तिनं ती स्वयंपाकघरातल्या उतरंडीत, मिठाच्या नव्हे, हुलग्याच्या मडक्यात ठेवली, फडक्यात बांधून. आबा चिडले. चोर दारात आल्यावर उतरंड उतरवत बसायची का? आजी म्हणाली, "बसीन की."

एवढी गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. आबांची बंदूक माणसावर कधी उडाली नाही, असं घरात अभिमानानं सांगायचे. त्यापुढची गोष्ट कळायला 1993 साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडं भिंतींना तडे गेले, माणूस वाचलं. पण घरात झोपायचा धीर कुणाला होईना. आम्ही अंगणात बाजा टाकून झोपायचो. उघड्यावर झोपलेल्या वस्त्या लुटतात अशी आवई रोज उठायची. कुणाला लुटलं ते नाव मात्र कधी कळलं नाही. अफवेत चोर ठरलेले असायचे. गावकुसाबाहेर पाल टाकून राहणाऱ्या ज्या लोकांना इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, तेच. तो कायदा 1952 च्या ऑगस्टमध्ये गेला. आमच्या तोंडातून तो एक्केचाळीस वर्षांनीही गेला नव्हता, हे मी माझ्यासकट सांगतो.

त्या अंगणात माझ्या चुलतभावानं विषय काढला. आता रिव्हॉल्व्हर घेऊ. कानपूरच्या सरकारी कारखान्याची .32 ची मिळते, सहा गोळ्यांची. .303 न् 9 मि.मी. ही फौजेची मापं आपल्याला बंद, पण .32 चालते. मी तेव्हा तालुक्याला नोकरीत होतो, कायद्याचं पुस्तक चाळलेलं होतं. मी सांगितलं, 1959 च्या कायद्यातच फरक केलाय. संरक्षणासाठी निदान वीस इंच नळीची साधी बंदूक मागितली, किंवा पीक राखायला ठासणीची मागितली, तर परवाना देण्याकडं कायद्याचा कल आहे. रिव्हॉल्व्हरला मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. कायदाच शेतकऱ्याला म्हणतो, लांब नळीचं घे.

"कारण काय दाखवायचं? चोर येतेत हे कारण न्हाई?" चुलतभाऊ म्हणाला. "दुनळी खुंटीवरनं काढा, वाकवा, काडतुसं शोधा, भरा, घोडे चढवा. तवर चोर जेवून जाईल. रिव्हॉल्व्हर उशाखालनं काढली की उडवली."

आबा बाजेवर पडून होते. पंच्याहत्तरी उलटलेली. ते उठून बसले आणि म्हणाले, "म्हणून तर नको."

मग त्यांनी सांगितलं. आजी बाजूला बसून होती, ती काहीच बोलली नाही.

1948 चा सप्टेंबर. 13 तारखेला भारताची फौज सोलापूरकडून नळदुर्गाच्या रस्त्यानं आत शिरली, 17 ला निजाम शरण आला. लोक त्याला पोलीस ॲक्शन म्हणतात. रझाकार पाच दिवसांत संपले. गावात साखर वाटली. पण त्यानंतर पलीकडं जे झालं ते साखर वाटणाऱ्यांनी पुढं कधी सांगितलं नाही. रझाकारांचा सूड साध्या मुसलमान घरांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं नंतर अहवाल दिला, तो कित्येक वर्षं दाबून राहिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या चार जिल्ह्यांत सगळ्यात जास्त माणसं मारली गेली. एकूण मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. आमच्या ओढ्यापलीकडचा मुलूख उस्मानाबाद जिल्ह्यातला.

त्या दिवसांत गावातली चार पोरं आबांकडं आली. म्हणाली, "एका रातीपुरती बंदूक द्या. पलीकडं जाऊन येतो." कशाला, ते विचारायची गरज नव्हती. आबा म्हणाले, काडतुसं संपली. खोटं बोलले. नाही देत, असं तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्यातले दोघं पुढं गावची मोठी माणसं झाले.

त्यानंतर दोन-तीन रात्रींनी, पाऊस पडत असताना कुत्री भुंकायला लागली. गोठ्यामागं कडब्याच्या गंजीत कुणीतरी होतं. आबांना वाटलं, राहिलेले रझाकार तरी असतील, नाहीतर तीच चार पोरं बंदूक हिसकायला आली असतील. त्यांनी खुंटीवरची दुनळी काढली आणि आजीला म्हणाले, काडतुसं दे. आजी अंधारात एकेक मडकं उतरवत बसली. आबा दारात उभे. नळी गंजीकडं, पण रिकामी.

"माझं बोट घोड्यावर होतं," आबा म्हणाले. "भरलेली असती तर ओढलाच असता. डोक्यात दुसरं काही नव्हतंच."

आजीच्या हाताला फडकं लागलं तेवढ्यात गंजीतून लेकरू खोकलं. मग माणसाचा आवाज आला. "आबा, म्या हाय ओ. पानवाला."

पलीकडचा तांबोळी. दर बाजारी आमच्या ओसरीवर बसून पाणी पिणारा. संगं बायको आणि दोन पोरं. आजी काडतुसं तशीच टाकून बाहेर गेली. चार दिवस ते घरात बळदाच्या खोलीत राहिले. पाचव्या दिवशी आबांनी पहाटे बैलगाडीत वैरणीखाली घालून त्यांना बार्शीला नेलं आणि बार्शी लाइटच्या गाडीत बसवलं, कुर्डुवाडीकडं. पुढं काय झालं, कळलं नाही. तो पुन्हा बाजाराला दिसला नाही.

"आता तूच हिशेब कर," आबा चुलतभावाला म्हणाले. "ज्याच्यासाठी बंदूक घेतली त्यो कधी दारात आलाच न्हाई. आला त्यो पानवाला. उशाला रिव्हॉल्व्हर असती तर चार मुडदे अंगणात पडले असते, अन् मी गावात शूर ठरलो असतो."

पंचेचाळीस वर्षं का सांगितलं नाही, असं दादांनी विचारलं. आबा म्हणाले, "कुणाला सांगू? त्या चौघांना?"

त्यावर अंगणात कुणी बोललं नाही. रिव्हॉल्व्हरचा विषय मागं पडला. आता आबा, आजी, दादा कुणीच नाही. दुनळी वारसानं माझ्या नावावर झाली. काडतुसं बेल्जमची, इंग्लंडची जाऊन खडकीच्या कारखान्याची आली. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. म्हणजे पुढच्या नूतनीकरणाला मी सत्तरीच्या पुढं असेन.

मागच्या महिन्यात पुतण्या आला. त्याच चुलतभावाचा पोरगा. रस्त्याला लागून त्याचं नवं घर आहे, रात्री ट्रक थांबतात, बायको घाबरते. त्यालाही पहिलं हत्यार घ्यायचं आहे आणि त्यालाही रिव्हॉल्व्हरच हवी. मी त्याला नको म्हणालो नाही. भीती त्याची आहे, ती खोटी आहे असं मी कोण म्हणणार? फक्त ही गोष्ट सांगितली, जशी अंगणात ऐकली तशी. आणि म्हटलं, हवी तर माझी दुनळी तुझ्या नावावर करून घे. त्यानं आठ दिवसांनी दुनळीचाच अर्ज आणला.

2016 च्या नियमांपासून हत्यार चालवायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते घरात सुरक्षित कसं ठेवणार, याची हमी लिहून द्यावी लागते. पुतण्या त्या कागदाशी अडला होता. "काका, हितं काय लिहू?"

मी विचारलं, "घरात सगळ्यात सावकाश काम कोण करतं?"

तो हसला. "आमची हीच. चहाला अर्धा तास लावती."

"मग काडतुसं तिच्याकडं दे," मी म्हणालो. "अन् कागदावर लिही, कुलपात."