हिरवं बटण आणि आधीच केलेली खूण

आज गड-किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आजचा इतिहास तुमच्या खिशातल्या एका बटणाचा.

ऑगस्ट २०१६. व्हॉट्सॲप उघडलं की एक स्क्रीन समोर यायची: आमच्या अटी बदलल्यात. खाली ठळक 'ॲग्री'. बहुतेकांनी ते दाबलं आणि गुड मॉर्निंगच्या गुलाबांकडे वळले. पण त्याच स्क्रीनवर 'अधिक वाचा'ची एक बारीक ओळ होती. ती दाबली तरच एक चौकट दिसायची, आणि तिच्यात बरोबरची खूण आधीच केलेली. अर्थ काय? तर माझ्या खात्याची माहिती फेसबुकला जाहिरातींसाठी वापरू द्या. नको असेल तर खूण तुम्ही काढायची. पुढे निघून गेलात, तर सेटिंगमधून नकार द्यायला ३० दिवस. म्हणजे गप्प बसलात की होकार धरला!

गंमत बघा. व्हॉट्सॲप सुरू करणाऱ्या दोघांना, जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांना, जाहिरातींचा तिटकारा होता. कूम सोव्हिएत काळातल्या युक्रेनमध्ये वाढले, फोनवर जपून बोलायचं अशा वातावरणात. २०१४ मध्ये फेसबुकनं १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घ्यायचं ठरवलं. तेव्हा युरोपियन आयोगाला सांगितलं की दोन्हीकडची खाती आपोआप, खात्रीनं जुळवता येणार नाहीत. पुढे निघालं की तशी शक्यता तेव्हाही होती. २०१७ मध्ये चुकीच्या माहितीबद्दल ११ कोटी युरोचा दंड बसला.

आपल्याकडे दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. हो, विद्यार्थी! २३ सप्टेंबर २०१६ ला आदेश आला: २५ तारखेआधी जे खातं बंद करतील त्यांची माहिती पुसा, आणि जे राहतील त्यांची त्या तारखेपर्यंतची माहिती फेसबुकला देऊ नका. पण त्यानंतरच्या माहितीचं काय? तिथे न्यायालय थांबलं. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे का, हा प्रश्नच तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अडकला होता. आधारच्या प्रकरणातून आलेल्या त्या प्रश्नाला नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं उत्तर दिलं: आहे.

मग जानेवारी २०२१. पुन्हा स्क्रीन, पुन्हा ॲग्री. फरक एवढाच की आता खूण काढायला चौकटच नव्हती. ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर ॲप विसरा. (तुमचे खासगी मेसेज २०१६ पासून एन्क्रिप्टेड आहेत, ते कंपनी वाचत नाही. वाद होता तो नंबर, फोन, वापराच्या सवयी अशा माहितीचा.) लोक चिडले आणि सिग्नलवर पळाले. ते सिग्नल ज्या संस्थेचं, तिला २०१८ मध्ये ५ कोटी डॉलर कुणी दिले होते? ब्रायन ॲक्टन यांनी. तोवर ते फेसबुक सोडून बाहेर पडले होते.

आमच्या सोसायटीचा ग्रुपही सिग्नलवर गेला. तीन दिवस. पाण्याच्या टँकरचा मेसेज तिथे कुणी वाचेना, म्हणून सगळे गुपचूप परत. खरी मेख हीच आहे. आई, कॉलेज, दूधवाला, ऑफिस सगळे एकाच ठिकाणी असताना 'नाही' कसं म्हणणार?

कंपनीनं मुदत १५ मेपर्यंत वाढवली, नंतर खाती बंद करणार नाही असंही सांगितलं. पण भारतीय स्पर्धा आयोगानं नेमकी हीच मेख पकडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोग म्हणाला की ही 'घ्या नाहीतर सोडा' अट म्हणजे बाजारातल्या ताकदीचा गैरवापर आहे. दंड २१३.१४ कोटी रुपये, शिवाय जाहिरातींसाठी माहिती द्यायला पाच वर्षं बंदी. वर्षभरानं अपील न्यायाधिकरणानं दंड ठेवला, बंदी काढली.

आणि ती आधीच केलेली खूण? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती स्पष्ट कृतीतून द्यावी लागते, गप्प बसणं चालत नाही. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. संमतीची कलमं लागू व्हायला तिथून पुढे आणखी दीड वर्ष.