मिकयासाची विहीर

नदीची वा भूगर्भातील जलाची पातळी क्षणोक्षणी टिपून दूरच्या कचेरीत धाडणाऱ्या स्वयंचलित यंत्रांची कुळी शोधणारे बहुधा हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज स्थापत्यकारापाशी येऊन थांबतात. कारण तरंगता गोळा, घड्याळ आणि फिरता कागद यांच्या योगाने लंडनच्या गोदीत भरती-ओहोटीची रेषा आपोआप उमटविणाऱ्या त्याच्या यंत्राचे वर्णन १८३१ साली प्रसिद्ध झाले. मला हे मूळपुरुषत्व मान्य नाही. घड्याळ आणि कागद ही त्या यंत्राची उपांगे होत. त्याचा प्राण आहे ती विहीर, जिच्यात बाहेरचे खळाळते पाणी अरुंद वाटेने येऊन निस्तरंग होते आणि केवळ पातळी तेवढी शिल्लक उरते. ही विहीर कैरोजवळच्या रोदा बेटावर इ. स. ८६१ मध्ये, अब्बासी खलिफा अल्-मुतवक्किल याच्या हुकमाने, बांधली गेली.

तिला मिकयास म्हणतात. मध्यभागी हात या मापाच्या खुणा कोरलेला संगमरवरी अष्टकोनी स्तंभ, भोवती उतरता जिना, आणि नाईलकडून आत येणारी तीन भुयारे, तीन निरनिराळ्या उंचीवर! नदी रोडावली तरी खालच्या मुखाने पाण्याचा संबंध टिकावा आणि महापुरात वरच्या मुखांनी पातळी विनाविलंब साधावी, हा त्यातला हेतू मला उघड दिसतो. आजच्या मापन-विहिरींनाही अनेकदा निरनिराळ्या उंचीवर मुखे ठेवतात, ती मुख्यतः खालचे मुख गाळाने बुजले तरी वरच्या मुखाने पाणी आत यावे म्हणून.

बांधणारा कोण, हा मात्र वादाचा विषय. चरित्रकार इब्न अबी उसैबिया हे श्रेय विख्यात ज्योतिषी अल्-फर्घानी याला देतो. दुसरा चरित्रकार इब्न खल्लिकान मात्र अहमद इब्न मुहम्मद अल्-हासिब, म्हणजे अहमद गणिती, असे नाव सांगतो. फर्घानीचे नावही अहमद इब्न मुहम्मद, आणि तोही गणिती. तेव्हा या दोन व्यक्ती नसून एकच, असे माझे मत आहे. प्रतिपक्षी आक्षेप घेतात तो असा, की याच फर्घानीने खलिफासाठी काढलेल्या कालव्याचा उगमाकडील तळ पुढील भागापेक्षा खोल खणून पाण्याची वाटच अडविली. अशा माणसाला मिकयास कसा साधावा? परंतु भूमीवर दूरवर उतार राखणे आणि एका जागी उभ्या पाण्याची उंची मोजणे ही भिन्न कौशल्ये आहेत. शिवाय कालव्याची ती फजिती सांगणारा इब्न अबी उसैबियाच मिकयासाचे कर्तृत्व त्याच्या पदरी घालतो, हे विसरून कसे चालेल?

विहिरीइतकीच महत्त्वाची होती तिची वार्ता. पाणी सोळा हात चढले की शेतसारा पुरा वसूल करण्यास सरकार मोकळे होई, आणि त्या आकड्यावर धान्याचा बाजार हेलकावे खाई. म्हणून पुराच्या दिवसांत पातळीची दवंडी कैरोच्या गल्ल्यांतून रोज फिरे. फातिमी खलिफा अल्-मुइझ्झ याने दहाव्या शतकात फर्मान काढले, की सोळा हात भरेपर्यंत दवंडी बंद. आकडा लेखी कळवावा तो फक्त आपणास व सेनापती जौहर यास. पाणी रेंगाळल्याची कुणकुण लागताच व्यापारी धान्य दडवितात, हे त्याने पुरते ओळखले होते. जलपातळीची ताजी नोंद ही किती मौल्यवान आणि किती स्फोटक वस्तू आहे, याचा याहून जुना पुरावा माझ्या पाहण्यात नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लेखक एडवर्ड लेन याने कैरोत पाहिलेला नाईलचा दवंडीवाला हा याच परंपरेतला. आजचे दूरसंदेशक यंत्र म्हणजे तोच दवंडीवाला, असे मी निःसंकोच म्हणेन.

आता रोदापासून लंडनच्या गोदीपर्यंतचा दुवा. नेपोलियनच्या स्वारीबरोबर १७९८ साली गेलेल्या फ्रेंच विद्वानांनी मिकयासाचे आराखडे काढले, त्यांच्यातल्या मार्सेल याने त्यावर प्रदीर्घ प्रबंध लिहिला, आणि १८०९ पासून निघू लागलेली त्यांची सचित्र ग्रंथमाला युरोपभर पोहोचली. ते खंड पामरने चाळल्याचा कागद मला सापडलेला नाही; तरीही नदी, धक्के आणि कालवे यांवर उपजीविका करणाऱ्या त्या पिढीच्या स्थापत्यकारांच्या नजरेतून नाईलची विहीर निसटली असेल, हे मला संभवनीय वाटत नाही.