रुळाखालून गेलेली बॅट

महाराष्ट्रातल्या शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे खेळ कितीतरी वर्षांपासून आहेत. क्रिकेटच्या गर्दीत आपलं तिकडे लक्ष जात नाही, एवढंच. अमेरिकेत याच बेसबॉलच्या एका बॅटने पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मोठा गोंधळ उडवला होता. त्या गोंधळाचा आपल्या क्रिकेटच्या बॅटशी जवळचा संबंध आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

ही कंपोझिट बॅट. कार्बनच्या धाग्यांचे थर रेझिनने चिकटवून तिचं पोकळ नळकांडं बनवतात. नवी असताना ती कडक असते. सरावात शेकडो चेंडू मारले, दर फटक्यानंतर बॅट हातात थोडी फिरवून घेतली, की थरांची पकड हळूहळू सैल होते. मग चेंडू आदळला की बॅटची भिंत आत दबते आणि झटक्यात परत येते, चेंडू उसळून जातो. लाकडी बॅटवर चेंडू स्वतःच चेपतो आणि त्यात त्याची बरीच ताकद वाया जाते. इथे ती वाचते.

एवढा सब्र सगळ्यांना कुठून असणार? म्हणून यंत्र निघालं. दोन रूळ, मध्ये बॅट, आणि रूळ जवळ आणणारा एक स्क्रू. रसवंतीचा चरक डोळ्यांपुढे आणा. बॅट दाबून पुढे-मागे फिरवायची, थोडी वळवायची, पुन्हा दाबायची. आठवड्यांचं काम थोड्या वेळात होतं. दाब जास्त झाला तर बॅटला चीर जाते, ती गोष्ट वेगळी.

अडचण अशी की कारखान्यातून नवी निघालेली बॅट चाचणीत पास व्हायची आणि मैदानावर रुळलेली तीच बॅट मर्यादा ओलांडायची. गोलंदाज, ज्याला तिथे पिचर म्हणतात, तो साठ फूट सहा इंचांवर उभा असतो. अंगावर येणाऱ्या चेंडूपासून वाचायला त्याच्याकडे डोळा लवेल इतकाच वेळ. २००९ मध्ये तिथल्या विद्यापीठीय खेळांच्या संघटनेने, एनसीएएने, या बॅटींना स्थगिती दिली आणि २०११ पासून नवा मापदंड लावला. आता प्रयोगशाळा स्वतःच बॅट रुळाखाली घालते, ती मुद्दाम सैल करून मगच तपासते. खेळाडूने मात्र आपली बॅट यंत्रात घालायची नाही.

क्रिकेटमध्ये नेमकं उलट आहे. इथे रुळाखालून गेल्याशिवाय बॅट बॅटच होत नाही.

विलो हे मऊ, हलकं लाकूड. जसंच्या तसं वापरलं तर लेदरच्या चेंडूने पहिल्याच दिवशी त्यात खड्डे पडतील. म्हणून कारखान्यात पात्याचा दर्शनी भाग जड रुळाखाली दाबतात, म्हणजे वरचे तंतू घट्ट बसतात. कमी दाबलं तर पातं फुटतं, जास्त दाबलं तर दगड होतं आणि चेंडू त्यावरून मरतो. दोन्हींच्या मधली जागा काट्यावर दिसत नाही. ती कारागिराच्या हाताला कळते. अमेरिकेतला रूळ पकड सैल करतो, आपला रूळ ती आवळतो. यंत्र जवळपास सारखंच आहे.

हे आवळण्याचं कसब फाळणीपूर्वी सियालकोटात होतं. काश्मीरचं लाकूड तिथून जवळ. १९४७ ला त्या शहरातले अनेक हिंदू आणि शीख व्यापारी, कारागीर जालंधर आणि मेरठला आले. मेरठचा सूरजकुंड भाग त्यांच्यामुळेच क्रीडासाहित्यासाठी ओळखला गेला. सियालकोटात राहिलेल्या मुस्लिम कारागिरांनी तिकडचं काम चालू ठेवलं. आज जगभर फुटबॉलसाठी ते शहर प्रसिद्ध आहे. सरहद्द आखली गेली, पण लाकूड दाबायची रीत दोन्हीकडे तीच राहिली. फाळणीवर आपल्याकडे एवढं लिहिलं गेलं, पण दाराशी पडलेली पोराची बॅट त्या इतिहासात कुणी धरत नाही.

क्रिकेटने बॅटचं दाबणं मान्य केलं, बाकी गोष्टींना मात्र वेळोवेळी लगाम घातला. १७७१ मध्ये इंग्लंडात टॉमस व्हाइट नावाचा फलंदाज यष्ट्यांएवढी रुंद बॅट घेऊन उतरला, आणि १७७४ च्या नियमांत रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली. ती आजही तेवढीच आहे. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिलीने ॲल्युमिनियमची बॅट आणली. चेंडू खराब होतो अशी इंग्लंडच्या कप्तानाची तक्रार आली, लिलीने रागाने बॅट भिरकावली, आणि पुढे नियमात लिहिलं गेलं की पातं लाकडाचंच हवं. २००६ मध्ये रिकी पाँटिंगच्या बॅटमागची ग्रॅफाइटची पट्टीही याच कारणाने गेली. म्हणजे कार्बनला या खेळात दारातूनच परत पाठवलं.

आता नाशिकचं. गोल्फ क्लबच्या, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना असला की पुढचे काही दिवस वर्गात दुसरा विषय नसतो. टेनिस बॉलवर खेळणारी मुलं लेदरकडे वळतात, घरून कसेबसे पैसे जमवून काश्मीर विलोची बॅट आणतात आणि त्याच संध्याकाळी नेटमध्ये उतरतात. आठवड्यात टोक फुटतं. दुकानदाराने सांगितलेलं नसतं, किंवा 'मशीनवर नॉकिंग केलंय' एवढं सांगून वेगळे पैसे घेतलेले असतात. बापाच्या खिशातून दुसरी बॅट लगेच येत नाही, मग तो मुलगा पुन्हा टेनिस बॉलवर जातो. गुणवत्ता कुठे गळते याची चर्चा करणाऱ्यांनी ही गळती कधी मोजली आहे का, मला शंका आहे.

मशीनवर ठोकलेल्या बॅटलाही हाताचं ठोकणं लागतं, विशेषतः कडा आणि टोकाला. आधी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. मूठ जिथे पात्यात बसवलेली असते तो सांधा आणि स्टिकर सोडायचे. बॅट आडवी ठेवून एक दिवस मुरू द्यायची. मग लाकडी हातोडीने हलके हलके ठोकायचं, जोर हळूहळू वाढवायचा, कडांवर तिरके घाव घालून त्या गोल करायच्या. कडेवर सरळ घाव कधीच घालायचा नाही. चार-सहा तासांचं हे काम तीन-चार संध्याकाळींत वाटून घ्यावं. त्यानंतर जुन्या लेदर बॉलवर हलके फटके मारून पाहायचं. पात्यावर शिवणीचे खोल ठसे उमटले, तर बॅट अजून तयार नाही, हातोडी पुन्हा काढायची.